पिन बसते, पण चार्ज होत नाही: टाइप-सी केबल पारखायची कशी

ऑफिसमधले लॅपटॉप, फोन, मॉनिटर, प्रोजेक्टर सांभाळणं हे माझं काम. "बारीक पिनचा चार्जर आहे का कुणाकडे?" ही हाक आता क्वचितच ऐकू येते. त्याऐवजी लोक येऊन सांगतात, "मॅडम, पिन बसते, पण चार्जिंग होत नाही." बहुतेक वेळा लॅपटॉप चांगला असतो, चार्जरही चांगला असतो. गोंधळ केबलचा असतो. तो घरच्या घरी कसा सोडवायचा ते सांगते.

टाइप-सी म्हणजे उलटसुलट कशीही बसणारी गोलसर कडांची यूएसबी पिन. तिचा आराखडा २०१४ साली जाहीर झाला. आयफोनने २०२३ मध्ये आपली वेगळी लाइटनिंग पिन सोडून तोच घेतला. युरोपियन युनियनमध्ये तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन, टॅबलेट, कॅमेरा, हेडफोनला टाइप-सी कायद्याने सक्तीचं झालं आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. मला हा बदल मनापासून हवा होता. मात्र सारखं झालं ते तोंड. आत किती तारा आहेत, चिप आहे की नाही, हे केबलकडे बघून कळत नाही.

म्हणून आधी ड्रॉवर रिकामा करा. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेल्या केबल वेगळ्या ठेवा, दोन्ही टोकांना सी असलेल्या वेगळ्या. दुसऱ्या ढिगातली प्रत्येक केबल उजेडात धरून तिच्या डोक्यावरचं बारीक छापील वाचा. ६०डब्ल्यू, २४०डब्ल्यू (म्हणजे वॉट, विजेची ताकद) किंवा ४०जीबीपीएस (सेकंदाला ४० गिगाबिट, डेटाचा वेग) असं काही असेल, तर अर्धं काम झालं. काहीच छापलेलं नसेल, तर ती ६० वॉटची आणि सर्वात कमी वेगाची आहे असं धरून चाला.

हे ६० कुठून आलं? दोन्ही टोकांना सी असलेली नियमाप्रमाणे बनवलेली कोणतीही केबल ३ अँपिअर नेऊ शकते. २० व्होल्टला त्याचे ६० वॉट होतात. त्यापुढे ५ अँपिअर हवे असतील, तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी एक चिप लागते. तिला ई-मार्कर म्हणतात. ती नसेल तर चार्जर १०० वॉटचा असला तरी ६० वर थांबतो, आणि हे थांबणं योग्यच आहे, कारण त्यामुळे केबल तापत नाही. जुन्या चिपवाल्या केबल १०० वॉटपर्यंतच्या होत्या. नियमांतल्या २०२१ च्या सुधारणेनंतर ही मर्यादा २४० वॉट, म्हणजे ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर झाली. त्यामुळे मोठा लॅपटॉप सावकाश चार्ज होत असेल, तर दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदलून बघा. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनच्या पॉवर विभागात चार्जरचे वॉट दिसतात. नाहीतर केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर घ्या. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट.

वेगाचं गणित पूर्ण वेगळं आहे, आणि माणसं सर्वात जास्त इथेच फसतात. भरपूर वॉट म्हणजे भरपूर वेग नव्हे. २४० वॉटची जाडजूड केबलसुद्धा डेटासाठी फक्त ४८० एमबीपीएसची (सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे अर्ध्या गिगाबिटहून कमी) असू शकते, आणि फोनसोबत आलेल्या बऱ्याच केबल तशाच असतात. त्यांत वेगवान तारांच्या जोड्याच नसतात, म्हणून मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट या चित्र पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीने चित्रही जात नाही. मीटिंग सुरू होताना पडद्यावर "नो सिग्नल" आलं, की मी आधी केबल बदलते. त्यानंतर पोर्ट बघते, कारण एकाच लॅपटॉपच्या दोन सी पोर्टपैकी एक चित्र देणारं आणि दुसरं न देणारं असू शकतं. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं (सी पोर्टवरच चालणारी वेगवान जोडणी) विजेचं चिन्ह आहे का पाहा.

वेग तपासायला एक वेगवान एसएसडी (बाहेरून जोडायची साठवण डिस्क) घ्या आणि १० जीबीची एक फाइल कॉपी करा. चार मिनिटांहून जास्त लागली तर केबल ४८० वाली. काही सेकंदांत झाली तर वेगवान. मग कागदी चिकटपट्टीचा तुकडा टोकाजवळ गुंडाळून त्यावर पेनाने लिहा: "६० वॉट, ४८०" किंवा "२४० वॉट, ४० जी". एवढी चिठ्ठी असली की ऐन वेळी कुणाला विचारावं लागत नाही.

चार्जर मोठा असेल तर फोन जळेल, ही भीती मनातून काढा. सी चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. फोन आणि चार्जर आपसात बोलणी करतात आणि फोन मागेल तेवढंच मिळतं. चार्जरवरचं बारीक छापील मात्र वाचा: ५, ९, १५, २० व्होल्ट आणि पुढे अँपिअर. २० ची ओळ नसेल तर बऱ्याच लॅपटॉपला तो पुरत नाही. तीन-चार पोर्टांच्या चार्जरवर लिहिलेले वॉट सगळ्यांचे मिळून असतात. दुसरा फोन लावला की लॅपटॉपच्या वाट्याचे कमी होतात. काही फोनचं अतिजलद चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. ते त्यांच्याच चार्जर-केबलवर चालतं, इतरत्र फोन सावकाश चार्ज होतो.

पहिला ढीग टाकून देऊ नका. काही स्वस्त टॉर्च, ट्रिमर, स्पीकर सी-ते-सी केबलवर मेल्यासारखे पडून राहतात आणि जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर लगेच चार्ज होतात. त्यांच्या पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर (विजेला अडथळा करणारे भाग) बसवलेले नसतात. त्यांच्याशिवाय सी चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही, आणि तो वीज सोडत नाही. उपकरण बिघडलेलं नसतं. त्याच्या डब्यात एक जुनी केबल ठेवून द्या.

सी केबल लांब करणाऱ्या एक्स्टेंशन केबल मी वापरू देत नाही. टाइप-सीच्या नियमांत त्यांना जागाच नाही.

पिन पूर्ण आत जात नसेल तर उपकरण बंद करा आणि लाकडी टूथपिकने पोर्टच्या कडेचा कापूस हलक्या हाताने काढा. मधल्या पातळ जिभेला धक्का लावू नका. पिन आत जाऊनही सैल वाटत असेल तर आधी नवी केबल लावून बघा: पकड धरणाऱ्या स्प्रिंग केबलच्या टोकात असतात, त्यामुळे झीज बहुधा तिथेच होते.

नवी घ्यायची असेल तर एकच केबल सगळं करेल असा हट्ट धरू नका. चार्जिंगसाठी २४० वॉटची दोन मीटरची लांब केबल घ्या, तिचा वेग कमी असला तरी चालेल. डेटा आणि मॉनिटरसाठी ४० जीबीपीएसची आखूड घ्या. आत सिग्नल जोरदार करणाऱ्या वेगळ्या चिपची मदत नसलेली अशी केबल साधारण ८० सेंटिमीटरच्या आसपासच हा वेग टिकवते. त्याहून लांब, बिनछापाच्या केबलच्या पाकिटावर ४० लिहिलेलं दिसलं, तर मी ती घेत नाही.