भोसरीच्या शॉपफ्लोअरवरून परीक्षा विभागात

मेकॅनिकलची पदवी घेतली, भोसरीत सहा वर्षं मशीन शॉप सांभाळलं, मधेच एम.ई. उरकलं, काही वर्षं शिकवलं आणि मग एका विद्यापीठात सहायक कुलसचिव (असिस्टंट रजिस्ट्रार) झालो, परीक्षा विभागात. ‘‘इंजिनिअर असून फायली सरकवतोस?’’ हे सासरच्या प्रत्येक लग्नात ऐकलंय. या वाटेला येणारे हल्ली बरेच विचारतात, म्हणून लिहितोय.

नुसत्या बी.ई.वर या पदाला अर्ज करता येत नाही. पदव्युत्तर पदवी आणि त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात.

माझी पहिली टिपणी, म्हणजे मंजुरीसाठी फाईलवर लिहायचा मजकूर, दोन वाक्यांची होती : ‘प्रिंटर जुना झाला आहे. नवीन घ्यावा.’ कक्षाधिकारी बाईंनी फाईल हळूच माझ्याकडे परत सरकवली. ‘‘सर, पाच वर्षांनी ऑडिटवाले ही उघडतील तेव्हा तुम्ही या खुर्चीत नसाल. त्यांना यातून काय कळणार?’’ मग त्यांनीच शिकवलं. आधी विषय, मग मागची हकिकत, लागू होणारा नियम, पैसे कुठल्या लेखाशीर्षातून (बजेटमधल्या कुठल्या खात्यातून), आणि शेवटी नेमकी कशाला मंजुरी हवी ते. डावीकडे टिपण्या, उजवीकडे पत्रव्यवहार, पृष्ठांक दोन्हींचे वेगळे. ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर (ते कितव्यांदा बदललं त्याचा आकडा) सांभाळलेल्या माणसाला हे जड जात नाही, फक्त कंटाळा गिळावा लागतो.

जड गेलं ते वेगळंच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. आमचा रेंगाळायचा. मी वही-घड्याळ घेऊन बसलो. सगळे तपासणीला दोष देत होते, पण गठ्ठे अडत होते जुळवणीला : केंद्राचा अहवाल म्हणतो ४० हजर, गठ्ठ्यात ३९ उत्तरपत्रिका. ती एक सापडेपर्यंत त्या विद्यार्थ्याचा निकाल राखीव, म्हणजे रोखून ठेवलेला.

इथवर बरोबर होतो. मग हुशारी केली. गठ्ठे रंगीबेरंगी सुतळीने बांधलेले, दिसायला गबाळे. मी सगळीकडे एकसारख्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणवल्या. तिसऱ्या दिवशी तीन केंद्रांचे गठ्ठे एकमेकांत मिसळले आणि दोन रात्री आम्ही सगळे जमिनीवर बसून मोजत होतो. बांधणी करणारे शिपाई मामा दुसऱ्या रात्री चहा पिता पिता म्हणाले, ‘‘साहेब, प्रत्येक जिल्ह्याची सुतळी वेगळ्या रंगाची होती. तुम्ही विचारलंच नाही.’’

चूक होऊच नये म्हणून केलेल्या अशा सोयीला कारखान्यात आम्ही पोका-योके म्हणायचो, त्याची ट्रेनिंगं घ्यायचो. मामांनी ती वीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती आणि मी ती कचऱ्यात टाकली. त्या महिन्यात खिडकीवर एक मुलगी रोज यायची. नोकरीवर रुजू व्हायची तारीख जवळ आलेली, निकाल राखीव. तिची उत्तरपत्रिका शेवटी दुसऱ्या केंद्राच्या गठ्ठ्यात, एका पुरवणीच्या दोऱ्यात अडकलेली सापडली.

आणखी एक. कारखान्यात लाईन थांबवायचा अधिकार माझा एकट्याचा होता. इथे विषय मंडळांपुढे जातो : शैक्षणिक असेल तर विद्यापरिषदेपुढे, खर्चाचा असेल तर व्यवस्थापन परिषदेपुढे. तातडीत कुलगुरू स्वतःच्या अधिकारात निर्णय घेऊ शकतात, पण तो पुढे संबंधित मंडळापुढे ठेवावाच लागतो. पहिली दोन वर्षं याने माझं डोकं फिरायचं. आता बैठकीच्या आधी चार जणांना भेटून येतो.

अर्ज करणार असाल तर अनुभवाचं प्रमाणपत्र आजच मागून ठेवा : पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वेतन, जावक क्रमांक, शिक्का. माझी पहिली कंपनी बंद पडली होती. छाननीच्या आदल्या आठवड्यात जुन्या अकाउंटंटचं घर शोधत मी चिखलीच्या गल्ल्यांतून फिरत होतो.