आतला कोपरा: घड्याळाच्या यंत्राची सजावट शिकताना

साताऱ्यात बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे बसायची आणि एचएमटीची जनता घड्याळं उघडायची. हाताने चावी द्यायचं सरळ यंत्र, 17 खडे, म्हणजे झीज टाळायला बसवलेली बारीक माणकं, तासाला 18,000 ठोके. उघडायचं, धुवायचं, तेल द्यायचं, जोडायचं. घड्याळकाम शिकायला स्वित्झर्लंडला येऊ पाहणारी मुलंमुली आज मला विचारतात, महागड्या घड्याळांच्या यंत्रावरची ती सुंदर सजावट शिकायची तर सुरुवात कुठून करू? मी त्यांना एखादी बंद पडलेली जनता शोधायला सांगते. ती स्वतःच्या हाताने चालू केल्याशिवाय कुठली कड का चमकवायची हे कळत नाही.

मी शिकले व्हाले द झू या खोऱ्यात. जुरा पर्वतात, फ्रान्सच्या सीमेलगत, सुमारे 1,000 मीटर उंचीवर एक तळं आणि त्याच्या आसपास ल सांतिए, ल ब्रासू अशी गावं. हिवाळा इथे फार लांब. पूर्वी बर्फाच्या दिवसांत शेतकरी घरच्या खिडकीपाशी बसून घड्याळाचे भाग बनवत, त्यातून हा धंदा वाढला. येण्याआधी पुण्यात फ्रेंच शिकले होते, तो वेळ सगळ्यात जास्त उपयोगी पडला. शिक्षक बोटाचा कोन बदलायला सांगतात तेव्हा मधे दुभाषा ठेवून चालत नाही.

पहिले कित्येक आठवडे घड्याळ हातात आलंच नाही. कानस, पितळ आणि पोलाद, एवढंच. सपाट पृष्ठ खरोखर सपाट करायचं, काटकोन खरोखर काटकोन. स्वतःची छोटी हत्यारंही स्वतःच बनवायची. आपल्याकडे आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि माझ्या मते घड्याळकामासाठी त्याहून चांगली पूर्वतयारी नाही. त्यानंतर युनिटास 6497 मिळालं. ते मुळात खिशातल्या घड्याळाचं यंत्र, व्यास 36.6 मिलिमीटर. शिकणाऱ्याला दिसेल आणि धरता येईल इतकं मोठं.

आता मुद्द्याचं. हल्लीची बरीच यंत्रं तासाला 28,800 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला 8, दिवसाला 6,91,200. प्रत्येक ठोक्याला एस्केप व्हील या दातेरी चाकाचा दात पॅलेट या छोट्या तरफेच्या खड्यावरून निसटतो आणि मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या बॅलन्स व्हीलला हलकासा धक्का देतो. बॅरल या डबीतल्या मुख्य स्प्रिंगची ताकद चाकाचाकातून पुढे येताना घर्षणात कमी होत जाते, आणि शेवटी पोचते ती फारच थोडी. यंत्र आडवं ठेवल्यावर बॅलन्स व्हील मध्यापासून साधारण 270 ते 310 अंश फिरत असेल तर तब्येत चांगली समजायची. हा आकडा खाली आला की आम्ही धूळ, तेल आणि खडबडीत पृष्ठं शोधू लागतो.

सजावटीची मुळं इथे आहेत. ब्रिज, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणारी पट्टी, कापला की कडेला बर, म्हणजे धातूची बारीक कुसळं, उरते. ती सुटून तेलात पडली तर पिव्हट, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक, झिजवते, म्हणून कड मोडायची, म्हणजे तिरकी घासायची. पोलादी भाग आरशासारखा घासला की त्यावर गंज धरायला जागा कमी उरते. जिनेव्हा सील या 1886 पासूनच्या प्रमाणचिन्हाच्या अटींमध्ये चाकांच्या खड्यांची भोकं पॉलिश केलेली असावीत अशीही अट आहे, कारण पिव्हट त्याच भोकात फिरतो. (आमच्या खोऱ्यातल्या घड्याळांना ते चिन्ह मिळत नाही. यंत्राची जोडणी जिनेव्हा कॅन्टनमध्येच, म्हणजे त्या स्विस राज्यातच, व्हावी लागते, आणि आम्ही शेजारच्या व्हो कॅन्टनमध्ये.) ब्रिजवरचे समांतर पट्टे आणि मेनप्लेट या खालच्या मुख्य पत्र्यावरची एकमेकांवर चढलेली गोल ठिपक्यांची नक्षी धूळ धरून ठेवते असं सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही. माझ्या मते हे दोन्ही डोळ्यांसाठीच आहेत, आणि तसं असलं तरी काही बिघडत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते आतल्या कोपऱ्याने. ब्रिजची कड 45 अंशात मोडून चकचकीत करतात, त्याला आंग्लाज म्हणतात. बाहेरची वळणं मशीनही बऱ्यापैकी करतं. पण दोन कडा आत वळून एकमेकींना मिळतात तिथे फिरणारं हत्यार हरतं, कारण ते गोल असतं आणि कोपऱ्यात गोलाईच सोडून जातं. टोकदार आतला कोपरा हातानेच होतो. आधी कानस, मग आणखी बारीक कानस, मग घासायचे दगड, आणि शेवटी हिऱ्याची पेस्ट लावलेली जेन्शियनची काडी. जेन्शियन ही याच डोंगरातल्या कुरणांवर उगवणारी पिवळ्या फुलांची वनस्पती. तिचा वाळलेला दांडा इतका मऊ असतो की कोपऱ्याचा आकार घेतो, पण कड गोल करत नाही. माझ्या पहिल्या कोपऱ्याला चार दिवस लागले. शिक्षकांनी भिंगाखाली पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही पट्ट्यांची रुंदी सारखी नाही. पुन्हा करा." फरक मला दिसतच नव्हता. दोन महिन्यांनी तोच ब्रिज पुन्हा पाहिला आणि तो फरक लगेच दिसला. या कामात डोळा हाताच्या आधी तयार व्हावा लागतो.

काळं पॉलिश हा दुसरा मोठा धडा. पोलादी भाग कथलाच्या पाटावर हिऱ्याच्या पेस्टमध्ये बोटाने फिरवायचा. हे कथील म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचंच. पृष्ठ पूर्ण सपाट झालं की एका कोनातून ते काळंकुट्ट दिसतं, जरा कलवलं की पांढरं लखलखतं. धुळीचा एक कण मधे आला की ओरखडा, आणि मग सगळं पहिल्यापासून. माझा पाट मी कुणालाही वापरायला देत नाही.

निळे स्क्रू त्या मानाने चटकन शिकता येतात. पितळेच्या किसावर स्क्रू ठेवून खालून तापवायचं. रंग गवती पिवळ्यापासून तपकिरी, जांभळा होत 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गडद निळा होतो, आणि तो जायच्या आत स्क्रू उचलायचा. बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर तिथे डाग उमटतो.

जर्मनीत ग्लासह्यूटेला जमलं तर जाऊन या. तिथे ए. लांगे उंड झोने यंत्र दोनदा जोडते. ब्रिज जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचे, वर मुलामा नाही, त्यामुळे हाताळल्याच्या खुणा पटकन उठतात. म्हणून पहिल्या जोडणीत यंत्र चालवून जुळवतात, मग सगळं सुटं करून, स्वच्छ करून, अंतिम सजावट करून पुन्हा जोडतात. वेळेचा हिशोब आधी आणि साज नंतर, हा क्रम मला फार आवडतो.

नोकरीचं एक आधी समजून घ्या. मोठ्या कारखान्यांत कडा घासणारे आणि यंत्र जोडणारे वेगवेगळे असतात. कडांचं काम घेतलंत तर दिवसभर कडाच कराल. मला ते मानवतं, तुम्हाला मानवेल का हे इथे येण्याआधी घरीच तपासता येईल. दोन मिलिमीटर जाडीचा पितळेचा तुकडा घ्या, त्यात इंग्रजी एल अक्षरासारखी खाच कापा आणि आतला कोपरा कानसेने 45 अंशात मोडा. दहापट भिंगाखाली पाहा. दोन तिरक्या पट्ट्या जिथे भेटतात तिथे केसासारखी एकच सरळ रेषा दिसायला हवी, थेट कोपऱ्याच्या टोकापर्यंत.