बॅकयार्डमधला इग्लू : या चुका टाळा

जानेवारी उजाडला की कॅनडात, ओटावातल्या आमच्या मराठी मंडळींचे फोटो सुरू होतात. अर्धी गोल भिंत, शेजारी फावडं, हिरमुसलेली पोरं. खाली प्रश्न ठरलेला: ‘काय चुकलं?’ बहुतेक वेळा एकच गोष्ट चुकलेली असते. घाई.

नवशिक्यांनी खरं तर इग्लूच्या आधी क्विन्झी करावी, म्हणजे स्नोचा, आकाशातून पडलेल्या भुसभुशीत बर्फाचा, मोठा ढीग घालून तो आतून पोखरायचा. सोपं वाटतं, म्हणूनच लोक इथे सगळ्यात जास्त आपटतात. ताजा स्नो म्हणजे जवळजवळ हवाच. फावड्याने उलथापालथ केली की त्याचे ताऱ्यांसारखे नाजूक स्फटिक मोडतात, बारीक कण एकमेकांना टेकतात आणि टेकलेल्या जागी हळूहळू गोठून जुळतात. शून्याच्या खूप खालीसुद्धा हे चालू असतं, पण त्याला वेळ लागतो. किमान दोन तास तरी सगळीकडे सांगतात. मी रात्रभर सोडतो. संध्याकाळी ढीग, सकाळी खोदकाम.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना हे पटलं नाही. घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, बायका येण्याआधी पोरांसाठी गुहा तयार हवी होती. दुपारी ढीग संपला आणि घामही न पुसता हे पोटावर झोपून आत शिरले. मी कुंपणापलीकडून ओरडलो, “अहो, थांबा जरा!” उत्तर आलं, “घट्ट आहे हो काका!” छत आवाज न करता बसलं. बाहेर फक्त दोन बूट दिसत होते. वहिनींनी एक पाय धरला, मी दुसरा, आणि ओढून काढलं. सुदैवाने डोकं दाराच्या जवळ होतं. दोन मीटर रुंद, तीस सेंटिमीटर जाड छताचं वजन सहज दोनशे किलोच्या वर जातं, आणि कोसळलेला स्नो अंगाभोवती घट्ट बसतो, हात हलवता येत नाही. थोड्या वेळापूर्वी त्यांची धाकटी आत डोकावून आली होती.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. खोदणारा गुडघ्यावर बसून खोदणार, आडवा होऊन नाही. बाहेर एक मोठं माणूस फावडं घेऊन उभं राहणार, फोन खिशात. ढिगात सगळीकडून तीस सेंटिमीटरच्या काड्या खोचायच्या आणि आतून काडीचं टोक दिसलं की तिथे थांबायचं. ‘अंदाजाने कळतं’ म्हणणाऱ्यांची छतं मी पाहिली आहेत, उजेड आरपार येतो.

रस्त्याकडेला प्लाऊने, म्हणजे रस्त्यावरचा स्नो ढकलणाऱ्या गाडीने, रचलेल्या ढिगात गुहा करू नका. प्लाऊचा ड्रायव्हर आतलं मूल बघू शकत नाही. यावर मी वाद घालत नाही.

आता ठोकळ्यांचा खरा इग्लू. आर्क्टिकमधले मूळ रहिवासी इन्युइट वाऱ्याने दाबून कडक झालेल्या स्नोतून सुरीने ठोकळे कापतात. आपल्या कुंपणाच्या आत तसा वारा कुठला? म्हणून बूट घालून जागा तुडवा, रात्रभर सोडा, मग साध्या करवतीने कापा. प्लॅस्टिकच्या डब्यात ठासून पाडलेले ठोकळेही चालतात, पण डबा उपडा केला की लगेच उचलू नका.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे विटांच्या भिंतीसारखे थर. एक गोल पूर्ण, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तिसऱ्या-चौथ्या थरापासून ठोकळे आत कलायला लागतात आणि थराच्या पहिल्या ठोकळ्याला शेजारी आधारच नसतो. तो धरून ठेवायला मग काका, मामा, शेजारी सगळे उभे. इन्युइट पद्धतीत पहिल्या थराचा काही भाग उतरता कापतात आणि तिथून ठोकळे सर्पिलाकार चढवत नेतात. प्रत्येक नवा ठोकळा खालच्यावर बसतो आणि आधीच्याला टेकतो. करवतीची ही पाच मिनिटं वाचवणारे लोक नंतर दोन तास ठोकळे धरून उभे असतात, असं का करतात हे मला कधी कळलेलं नाही. आकारही अर्धगोल नको, वरती थोडा निमुळता हवा. अर्धगोलाचा माथा फार सपाट होतो आणि तिथूनच खचतो. व्यास आतून दोन मीटरपेक्षा जास्त नको, पहिल्या खेपेला दीडच बरा.

भिंतीवर पाणी ओतू नका. स्नोतली अडकलेली हवाच ऊब धरते. पाण्याने तिची जागा बर्फ घेतो, वजन वाढतं, ऊब जाते.

छताजवळ मुठीएवढं भोक हवंच. आत शेगडी किंवा कॅम्पिंग स्टोव्ह अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार बसायच्या ओट्यापेक्षा खाली ठेवा, थंड हवा तिथून निघून जाते. सुती हातमोजे घरी ठेवा.

हवामान खात्याने पारा शून्याच्या वर जाणार म्हटलं, की आत जाणं बंद. माथा खाली आलेला दिसला तर मी लगेच पाडतो. आत कोणी नाही हे आधी वाकून बघायचं, मग पोरांना बाहेरून, लांब दांड्याच्या फावड्याने पाडू द्यायचं, वर चढून नाही. बांधण्यापेक्षा हेच काम त्यांना जास्त आवडतं, आणि इथे घाई केली तरी चालते.