कोचीत उतरताना घड्याळ कोणतं बघायचं?

तूर-कापूस घरात आल्यावर मुंबईहून जहाजानं निघालात अन् वाटेत कोची लागलं, तर जहाज सुटायची वेळ धरून चालू नका. शिडी त्याआधीच उचलतात. परतायची जी वेळ सांगतील, तिच्या तासभर आधी बंदर गाठा. फेरी बोटीला गर्दी असतेच. जहाजाचं कार्ड अन् ओळखपत्र खिशात ठेवा, नाहीतर गेटावरच अडकाल.

शनिवारी कोचीतल्या मट्टांचेरीचं १५६८ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) बंद असतं. उघडं मिळालं तर चपला काढून आत जा अन् खाली बघा: निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हातानं रंगवलेल्या. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं. अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो, तिथं दमट हवेत वाळत नाही. दुपट्टे दोन घ्या.