रिझोल्यूशन कमी करू नका, अक्षरं मोठी करा

आईच्या संगणकावर कोणतंही मराठी पान उघडलं की अक्षरं पुसट दिसायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं तिला वाटत होतं. पाहिलं तर १९२० × १०८० पिक्सेलचा, म्हणजे आडवे-उभे एवढे ठिपके असलेला मॉनिटर १२८० × ७२० या रिझोल्यूशनवर चालत होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने अक्षरं मोठी दिसावीत म्हणून तसं करून दिलं होतं. हेतू चांगला होता, पण त्यासाठीची सेटिंग वेगळी आहे.

एलसीडी पडद्यावर पिक्सेल किती असणार हे कारखान्यातच ठरतं. जुने, मागे मोठा डबा असलेले मॉनिटर वेगवेगळी रिझोल्यूशन बऱ्यापैकी सांभाळून घेत. आताच्या पडद्याला १२८० बिंदू १९२० जागांवर पसरायला सांगितले, तर एका बिंदूच्या वाट्याला दीड जागा येते. अर्धा पिक्सेल तर नसतो, म्हणून शेजारच्या बिंदूंचे रंग मिसळले जातात आणि काळी शिरोरेखा राखाडी होते. मराठीला याचा जास्त त्रास होतो. ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द घ्या: दोन वेलांट्या, दोन जोडाक्षरं, आणि शिरोरेखेच्या वर एकमेकांना खेटून बसलेले रफार आणि अनुस्वार. एवढं सगळं मोजक्या पिक्सेलांत बसवायचं, तर एकही पिक्सेल वाया घालवून चालत नाही.

१. आधी मूळ रिझोल्यूशन लावा. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं, तो निवडा. बहुतेक वेळा तेच पडद्याचं मूळ रिझोल्यूशन असतं. खात्री करायची तर मॉनिटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आकडा सापडतो. तो यादीत दिसतच नसेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा केबल तपासा. फोर-के (३८४० × २१६०) मॉनिटर लावल्यावर माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, ते पाहा. एचडीएमआय १.४ चं जुनं पोर्ट फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतं.

२. अक्षरांचा आकार ‘स्केल’ने ठरवा. ही सेटिंग त्याच पानावर असते: १००, १२५, १५० टक्के. यात पिक्सेल सगळेच्या सगळे वापरले जातात, फक्त प्रत्येक अक्षराच्या वाट्याला जास्त येतात. त्यामुळे अक्षर मोठंही होतं आणि रेखीवही. २४ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात, तिथे १०० टक्के पुरतं. तेच रिझोल्यूशन १५.६ इंची लॅपटॉपवर असेल तर इंचाला १४१ पिक्सेल होतात, म्हणून तिथे १२५ किंवा १५० ठेवा. २७ इंची फोर-केला १५० पासून सुरुवात करा. मॅकवर याच कामासाठी ‘लार्जर टेक्स्ट’ ते ‘मोअर स्पेस’ असे पर्याय आहेत. आईच्या मॉनिटरवर मूळ रिझोल्यूशन आणि १५० टक्के स्केल लावलं. अक्षरं तेवढीच मोठी राहिली आणि शिरोरेखा पुन्हा काळी झाली.

एखादंच संकेतस्थळ बारीक अक्षरात असेल तर पडद्याला हात लावू नका. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबा. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पान पूर्ववत.

आता संकेतस्थळाची पानं बनवणाऱ्यांसाठी. ‘कोणत्या रिझोल्यूशनसाठी डिझाइन करू?’ हा प्रश्न मला अजून विचारला जातो. एके काळी १०२४ × ७६८ हे उत्तर पुरायचं. आज ते उत्तर एका आकड्यात देताच येत नाही, कारण ब्राउझर पडद्याचे खरे पिक्सेल मोजत नाही, सीएसएसचे, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतले पिक्सेल मोजतो. १९२० चा लॅपटॉप १२५ टक्क्यांवर असेल तर तुमच्या पानाला रुंदी मिळते १५३६, आणि १५० टक्क्यांवर १२८०. २०१० साली आयफोन ४ चा पडदा ६४० पिक्सेल रुंद झाला, तरी पानाला मिळणारी रुंदी आधीच्या आयफोनइतकीच, म्हणजे ३२० राहिली. म्हणून रिझोल्यूशन सोडा आणि रुंदीचा विचार करा.

३. पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टचा (पान ज्या चौकटीत दिसतं तिचा) मेटा टॅग घाला आणि त्यात रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी ठेवा. तो नसला की आयफोनचा सफारी पान ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि मग आक्रसून दाखवतो. वाचणारा बिचारा चिमटीने मोठं करत बसतो.

४. अरुंदापासून सुरुवात करा. पहिला आराखडा ३६० रुंदीवर, कारण बरेच अँड्रॉइड फोन ३६० ते ४१२ च्या दरम्यान येतात. मग खिडकी हळूहळू रुंद करत जा आणि मांडणी जिथे विस्कटेल तिथेच ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलण्याची रुंदी ठेवा. फोनच्या मॉडेलांचे आकडे पाठ करून ब्रेकपॉइंट ठरवू नका. मॉडेलं बदलत राहतात. मोठ्या पडद्यावर मजकुराला कमाल रुंदी द्या. १९२० भर पसरलेली ओळ संपवून पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो. देवनागरीसाठी ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात.

५. तपासा. क्रोममध्ये एफ१२ आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की हवी ती रुंदी लावून पाहता येते. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या मानकाची एक कसोटी मी कधीच चुकवत नाही: ३२० रुंदीवर मजकूर वाचण्यासाठी पान आडवं सरकवावं लागता कामा नये. १२८० रुंदीची खिडकी ४०० टक्के मोठी केली की नेमके ३२० उरतात, म्हणजे कमी दिसणाऱ्या माणसाला तुमचं पान कसं दिसतं तेही याच कसोटीत कळतं.

नमुन्याचा मजकूर मात्र मराठीच घ्या. ‘राष्ट्रीय’, ‘उद्ध्वस्त’, ‘दुसऱ्यांच्या’ हे शब्द घालून पान एखाद्या स्वस्तातल्या फोनवर उघडा आणि फोन हातभर लांब धरून वाचून पाहा. ‘ऱ्या’चा वळसा दिसला नाही, तर फॉन्ट दोन पिक्सेलने वाढवा.