आघातग्रस्तांना आधार देताना: खान्देशातील कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

अपघात, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, घरातील मारहाण किंवा गावाने मांडलेला छळ, यांपैकी काहीही घडले तरी त्या दारात सर्वांत आधी मानसोपचारतज्ज्ञ पोहोचत नाही. आशाताई, पोलीस पाटील, तलाठी, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि फार तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर पोहोचतात. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खान्देशात त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील शासकीय रुग्णालयांतील मानसोपचार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि दूरध्वनीवरील सेवा यांच्याशी माणसाला प्रत्यक्ष जोडून देणे हेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे मुख्य काम ठरते. चिठ्ठीवर पत्ता लिहून देणे म्हणजे जोडून देणे नव्हे.

पहिले काही दिवस

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचा गाभा तीन कृतींत सामावतो: पाहणे, ऐकणे आणि जोडणे. प्रथम जागा सुरक्षित आहे का आणि तातडीची गरज कोणाला आहे ते पाहावे. माणूस जेवढे सांगेल तेवढेच ऐकावे. मग कुटुंब, उपचार, निवारा आणि माहिती यांच्याशी त्याला जोडावे. घटनेचा तपशील खोदून काढणे हे या कामात येत नाही. मन मोकळे व्हावे म्हणून सर्व काही एकदाच वदवून घेण्याची पद्धत पूर्वी रूढ होती, पण तिने पुढील त्रास टळत नाही असे दिसून आल्याने ती आता सुचवली जात नाही.

आपल्याकडे ही अडचण वेगळ्याच वाटेने येते. मयताच्या घरी द्वारदर्शनाला येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ असे विचारतो आणि घरची बाई तीच हकीकत दिवसभर सांगत राहते. भेटीला येण्याची रीत मोलाची आहे, ती मोडू नये. मात्र हकीकत सांगण्याचे काम दीर-भावासारख्या दुसऱ्या नातेवाइकाने पत्करावे आणि त्या बाईला काही वेळ आतल्या खोलीत बसू द्यावे, एवढे कार्यकर्ता घरच्यांना सुचवू शकतो. गंधमुक्ती (सुतक फिटण्याचा विधी) झाली की पाहुणे परततात, भाऊबंद शेतात गुंततात आणि घर एकाएकी रिकामे होते. कार्यकर्त्याची खरी गरज तेव्हापासून पुढे भासते, म्हणून दुसरी आणि तिसरी भेट मुद्दाम त्यानंतरच्या आठवड्यांत ठेवावी.

रडणाऱ्या माणसाला गोळी देऊन झोपवावे, असा आग्रह घरचे बहुधा धरतात. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपाइन गटातील झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2013 ची शिफारस आहे. ती प्राथमिक केंद्रातील डॉक्टरांच्या नजरेस जरूर आणावी. दचकणे, झोप न लागणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे या गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतात आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या ओसरतात. महिना उलटूनही त्या ओसरल्या नाहीत तर तज्ज्ञाकडे पाठवावे. मरणाचे बोलणे, अन्नपाणी सोडणे, लेकराकडे लक्ष न राहणे किंवा दारू एकदम वाढणे यांपैकी काही दिसले, तर मात्र महिन्याची वाट पाहू नये.

आघात कोणाला झाला याचा विचारही व्यापक ठेवावा. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यात आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून खाली उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. अशा प्रसंगी जखमी आणि मृतांचे नातेवाईक यादीत असतातच. मृतदेह उचलणारे, रुग्णवाहिकेचे चालक आणि डब्यातून ते पाहणारे यांची यादी कोणी करत नाही.

दूरध्वनी

केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक 14416 असून ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. यासोबत 112 (पोलीस व आपत्कालीन मदत), 108 (रुग्णवाहिका), 181 (महिला) आणि 1098 (बालक) हे क्रमांक हाताशी असावेत. क्रमांक देण्याआधी कार्यकर्त्याने स्वतः एकदा फोन करून पाहावा: पलीकडून काय विचारतात, किती वेळ थांबावे लागते, हे ठाऊक असले की समोरच्याला तसे आधी सांगता येते. फोन शक्यतो आपल्यासमोरच लावून द्यावा आणि बोलणे सुरू झाले की आपण बाहेर जावे. धडगाव-तोरणमाळच्या डोंगरात रेंज कोठे मिळते ते गावकऱ्यांना माहीत असते; परंतु ती जागा चारचौघांत असेल तर आत्महत्येबद्दल किंवा अत्याचाराबद्दल तेथून बोलता येणार नाही, हे लक्षात घेऊन आरोग्य उपकेंद्राची खोली किंवा बाजाराच्या दिवशी तालुक्याचे ठिकाण ठरवावे.

कायदा

येथे कार्यकर्त्याच्या अज्ञानाची किंमत पीडितालाच मोजावी लागते, म्हणून थोडे विस्ताराने.

बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. त्यामुळे ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने मुलाला कधीही देऊ नये. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावे लागेल, त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशाविना घ्यावा, असे कलम 24 सांगते. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातील पीडितेवर खासगी रुग्णालयासह प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ आणि विनामूल्य उपचार करावेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 397 बजावते. अशा पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहते. घरातील हिंसेसाठी 2005 च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि ‘सखी’ वन स्टॉप सेंटर या दोन जागा प्रथम गाठाव्यात; सखी केंद्रात समुपदेशन, कायदेशीर मदत आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळतो.

कीटकनाशक पिऊन वाचलेल्या शेतकऱ्याचे घरचे पोलिसांच्या धास्तीने ‘फवारताना पोटात गेले’ असे सांगतात, आणि मग त्याच्यावर मनाचे उपचार होतच नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेण्याचे दायित्व शासनावर येते. ही एक गोष्ट दवाखान्याच्या ओट्यावर समजावून सांगितली, तर खरा इतिहास डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

सातपुड्याच्या पायथ्याला बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार आजही घडतात. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू आहे आणि त्याखाली दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. अशा प्रकरणात समुपदेशनाला घाई करू नये. ज्या पाड्याने तिला मारले त्याच पाड्यात ती झोपणार असेल तर आधी निवाऱ्याची सोय करावी. भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाशी वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. भगताकडे जावे, पण डॉक्टरांचे औषध थांबवू नये, एवढे कबूल करून घेतले तरी पुरेसे आहे.

भाषा, प्रश्नावल्या आणि प्रशिक्षण

अहिराणी, पावरी, भिली किंवा मावची बोलणारा माणूस प्रमाण मराठीत आपला त्रास दोन शब्दांत आटोपतो. ‘माले रातले झोप येत नही’ या वाक्याने जे दार उघडते, ते छापील प्रश्नाने उघडत नाही. दुभाषा लागला तर तो घरातला नसावा आणि मूल तर कधीच नसावे. शेजारच्या गावातील आशाताई बहुधा योग्य ठरते.

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली नैराश्याच्या चाचपणीसाठी सोयीची आहे, पण तिचा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी काय करायचे हे ठरलेले नसेल, तर ती भरून घेऊ नये. मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील ‘संवाद’ हा उपक्रम उपयुक्त आहे. आपत्तीच्या काळात काम करणाऱ्यांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 2009 ची मनोसामाजिक आधारविषयक मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत.

संपर्कांची वही पदनामानुसार ठेवावी आणि उन्हाळ्यातील बदल्यांनंतर प्रत्येक क्रमांकावर फोन करून ती नवी करावी. नोंदीत घटनेचे वर्णन एकदाच, पीडिताच्या संमतीने लिहून ठेवले तर पुढच्या कार्यालयात त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही. ही वही शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या उघड्या कपाटात मात्र राहता कामा नये.

सतत अशा घरांत जाणाऱ्या कार्यकर्त्याची झोपही उडते. मासिक बैठकीत उद्दिष्टांचे तक्ते भरून झाल्यावर अशा प्रकरणांवर बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणे ही वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी मानावी, आणि 14416 हा क्रमांक आशाताईंसाठी, शिक्षकांसाठी आणि पोलीस पाटलांसाठीही आहे हे त्या बैठकीत स्पष्ट सांगावे.