पहिलं मॉड्युलर घेताना: आधी उणे बारा बघा

परवा आमच्याच कंपनीतल्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, मॉड्युलर सिंथ सुरू करायचाय. पहिलं काय घेऊ? फोटो टाकलाय, बघून सांगा ना." मॉड्युलर सिंथ म्हणजे मॉड्यूल नावाचे सुटे भाग वायरींनी जोडून आवाज काढायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. मेसेजखाली अकरा मॉड्यूल एका ओळीत नीट लावलेले. बघून पोटात गोळा आला. तीन वर्षांपूर्वी अशीच ओळ मी लावली होती, आणि तेव्हा माझं जे राहून गेलं तेच याच्याही यादीत नाही. वीज. म्हणजे पॉवर सप्लाय, आणि नेमकं बोलायचं तर सप्लायची उणे बारा व्होल्टची बाजू. हा शब्द पुढे कंटाळा येईपर्यंत येणार आहे.

आधी फुकटात होणारं उरकून घ्या. लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर टाका. २०१७ पासून मिळतं, साधी आवृत्ती फुकट आहे. पडद्यावरच मॉड्यूल लावायचे, पडद्यावरच वायरी ओढायच्या. महिनाभर रोज अर्धा तास बसा. दहा दिवसांत कंटाळलात तर पैसे वाचले, विषय संपला. नाही कंटाळलात तर आपला हात कुठल्या मॉड्यूलकडे सारखा जातो ते कळतं. मला ठाम वाटायचं की आपल्याला तीन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारे मॉड्यूल, तरी हवेतच. प्रत्यक्षात एकच वाजवत होतो आणि व्हीसीए, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारे मॉड्यूल, मात्र दरवेळी कमी पडत होते.

एका साध्या आवाजाला काय काय लागतं ते एकदा डोक्यात बसवा. ऑसिलेटर सूर धरतो. फिल्टर त्याची धार कमी करतो. आवाज तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडला जाऊन विरणार की हार्मोनियमसारखा दाबून धरला जाणार, हे एन्व्हलप ठरवतं. व्हीसीए म्हणजे व्होल्टेजने फिरणारं आवाजाचं बटण; त्याच्यात बघण्यासारखं काही नसतं म्हणून कोणी हौसेने घेत नाही. एलएफओ या सगळ्याला हळूहळू हलवत ठेवतो. शिवाय सूर कुठला ते सांगणारं काहीतरी लागतं, कीबोर्ड किंवा ठरवलेले सूर ओळीने वाजवणारा सीक्वेन्सर. हे सगळं सुटंसुटं घेऊन बसाल तर पहिला "पीं" ऐकायला सहा पार्सलं यावी लागतात. त्यातलं एक कस्टममध्ये अडकतंच.

म्हणून माझं मत साधं आहे: पहिलं वाद्य सेमी-मॉड्युलर घ्या. आतून जोडणी केलेली असते, वायर न लावता वाजतं, आणि वायर लावली की आतली जोडणी बाजूला होऊन तुमची चालू होते. मूग कंपनीचा मदर-३२ (२०१५ चा), मेक नॉइझचा झिरो-कोस्ट, बेरिंगरचे न्यूट्रॉन आणि क्रेव्ह ही नावं सारखी ऐकू येतील. मदर-३२ आणि क्रेव्ह या दोघांत ३२ पायऱ्यांचा सीक्वेन्सर आतच आहे, आणि आपल्या लोकांसाठी मला तो मोठा फायदा वाटतो. १६ पायऱ्या ठेवल्या की तीनताल, १० ठेवल्या की झपताल, ७ ठेवल्या की रूपक. तिकडचे लोक सात पायऱ्या लावल्या की काहीतरी विचित्र केल्याच्या आनंदात असतात, आपल्याला ते लहानपणापासून माहीत आहे. न्यूट्रॉनमध्ये वायरी खेळायला जागा जास्त, पण सीक्वेन्सर नाही. हात आखडता असेल तर क्रेव्ह, नसेल तर मदर-३२, कारण तो पेटीतून काढून पुढे रॅकमध्ये, म्हणजे सुटे मॉड्यूल बसवायच्या चौकटीत, बसवता येतो. आणि बसवलात की त्याचा अडॅप्टर खणात जातो आणि त्याचा भार रॅकच्या सप्लायवर येतो. तिथेच आपली गोष्ट सुरू होते.

त्याआधी दोन धोक्याच्या पाट्या. कॉर्गचा एमएस-२० मिनी भुरळ घालतो. सुरेख वाद्य आहे, पण व्होल्टवरून सूर ठरवायचा त्याचा हिशोब हर्ट्झ-पर-व्होल्टचा आहे आणि युरोरॅकचा (मॉड्यूलची रूढ पद्धत, पुढे येतेच) व्होल्ट-पर-ऑक्टेव्हचा. थेट जोडलंत तर सप्तक जुळणार नाही. ट्रिगर, म्हणजे सूर सुरू करायचा इशारा, तोसुद्धा उलटा चालतो. वोल्का मॉड्युलर स्वस्त आहे, सहा पेन्सिल सेलवर चालतो, लाइट गेली तरी वाजतो. पण त्याच्या जोडणीच्या भोकांत ३.५ मिलिमीटरची वायर जात नाही, सर्किट शिकताना वापरतो तसल्या बारीक जंपर वायरी लागतात. दोन्ही घ्या हवं तर. पहिलं म्हणून नको.

आता उणे बारा.

युरोरॅक म्हणजे जर्मनीच्या डिटर डोप्फरने नव्वदच्या दशकात ए-१०० मालिकेतून रूढ केलेली पद्धत. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी एचपीमध्ये मोजायची, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. वीज मात्र एक नाही, तीन: अधिक १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि काही मॉड्यूलना अधिक ५. प्रत्येक मॉड्यूल या तिन्हींतून किती मिलीअँप ओढतो ते बनवणारा लिहून देतो. तिन्हींची बेरीज वेगवेगळी करायची आणि सप्लायच्या तीन आकड्यांशी वेगवेगळी ताडायची. चौथीतल्या पोराला जमेल.

मला जमलं नाही. मी नाशिकच्या अंबडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर लोड लिस्ट काढतो, एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायच, किती अँपचा लावायचा ते मीच ठरवतो, पंचवीस टक्के मोकळे ठेवल्याशिवाय ड्रॉइंगवर सही करत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आमच्या पॅनेलमध्ये सगळीकडे २४ व्होल्ट डीसी, एकच बाजू, म्हणून डोळ्याला एकच आकडा बघायची सवय. जुनी केस, म्हणजे मॉड्यूल बसवायची पेटी, घेतली, सप्लायवर मोठ्या अक्षरात "१००० एमए" (मिलीअँप) दिसलं, खूश झालो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात उणे बाराला २५० लिहिलं होतं. माझ्या मॉड्यूलची उणे बाराची बेरीज २९० होती.  हे मला दीड महिन्यानंतर कळलं.

त्या दीड महिन्यात काय झालं ते ऐका, म्हणजे लक्षण ओळखता येईल. धूर नाही, ठिणगी नाही, काही बंद पडलं नाही. फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावायचो, काळी एक, ऑसिलेटर त्याच्याशी जुळवायचो. जुळायचा. एलएफओ लावला की षड्ज डळमळायचा, तंबोऱ्याशी घासायला लागायचा. युरोरॅकमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, म्हणजे एका सुरापासून शेजारच्या कोमल-तीव्र सुरापर्यंतचं अंतर साधारण ८३ मिलिव्होल्ट. एवढ्या बारीक हिशोबावर सूर उभा असतो, आणि खालून वीजच हलत असेल तर काय उभं राहणार? मला वाटलं ऑसिलेटर खराब. दोन आठवडे त्याचे स्क्रू फिरवत बसलो. शेवटी पडत्या भावात विकून टाकला. चांगला होता बिचारा.

मग एका रविवारी मल्टिमीटर आणला ऑफिसातून. काळी प्रोब ग्राउंडला, लाल उणे बाराच्या पिनेला. उणे १०.६. एक मॉड्यूल काढला, पुन्हा मोजलं, उणे ११.३. अजून एक काढला, उणे ११.९. मी जमिनीवर बसून होतो, बायको दारातून म्हणाली, "झालं का दुरुस्त?" काय सांगणार! दुरुस्त करायला काही बिघडलंच नव्हतं.

तर, यादीत पहिली ओळ मॉड्यूलची नको. पहिली ओळ सप्लायची: अधिक बारा किती, उणे बारा किती, अधिक पाच किती. तुमच्या बेरजेवर किमान पंचवीस टक्के जास्त, कारण चालू करण्याच्या क्षणी काही मॉड्यूल नेहमीपेक्षा जास्त ओढतात, आणि कारण तुम्ही अजून एक घेणारच आहात. "नाही घेणार" म्हणणारा मला अजून भेटायचाय. वॅट बघू नका, एकूण अँप बघू नका. उणे बारा बघा.

दुसरं, सप्लायपासून मॉड्यूलपर्यंत वीज नेणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल पट्टी. लाल म्हणजे अधिक असं आपण पाचवीपासून शिकलोय. इथे लाल पट्टी उणे बाराची बाजू दाखवते. होय, उणे बारा, पुन्हा तेच. पट्टी वर की खाली हे कोणाचं ऐकून ठरवू नका, बोर्डावर −१२ छापलेलं असतं त्या बाजूला ती आली पाहिजे. उलटी लागली तर काही मॉड्यूलमधला डायोड वाचवतो, काहींमध्ये डायोड नसतो. मॉड्यूल लावताना-काढताना सप्लाय बंद. पॅनेलवाल्यांना सांगायला नको, पण मी स्वतःला पण सांगतो.

केस घरी बनवायची तर सातपूरला सुतारकाम करणारे प्लायची पेटी करून देतात. ८४ एचपी म्हणजे आतून ४२७ मिलिमीटर, थोडी ढिली ठेवा. खोली मोजा, काही मॉड्यूल पाठीमागे फार लांब असतात आणि त्यावर रिबन केबलची पण जागा जाते. मी सुताराला रुंदी दिली, उंची दिली, आणि सप्लाय कुठे बसणार ते सांगायचं विसरलो. विसरलो काय, डोक्यातच नव्हतं.

खरेदी. बाहेरून मागवलंत तर किंमत अधिक पाठवणावळ यावर ड्यूटी, आणि त्या सगळ्यावर आयजीएसटी. छापील भाव बघून हिशोब करू नका. केवायसीची कागदं तयार ठेवा, नाहीतर पार्सल मुंबईत पडून राहतं आणि तुम्ही दिवसातून चारदा ट्रॅकिंग बघता. जुनं घेत असाल तर स्वतः जाऊन बघा. मी सिन्नर-संगमनेर करत पुण्याला गेलो होतो आणि येताना एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. आपला हेडफोन न्या. प्रत्येक बटण फिरवून करकर होते का ऐका. अडॅप्टर मूळचा आहे का विचारा, कारण वेगवेगळ्या वाद्यांचे व्होल्ट आणि मधल्या पिनेचं अधिक-उणे वेगळं असतं, आणि पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असं नाही. रॅकसकट विकत असेल तर सगळे मॉड्यूल लावून, सगळं चालू असताना, उणे बारा मोजायला मागा. विकणारा हसला तर हसू द्या.

वायरी ३.५ मिलिमीटरच्या मोनो. एम. जी. रोडला "ऑक्स केबल" मागितलीत तर स्टिरिओ हातात पडेल. पिनेवर दोन काळ्या रेघा म्हणजे स्टिरिओ, एक म्हणजे मोनो. स्टिरिओ अडीनडीला चालून जाते. लांबी मिसळून घ्या, आखूड जास्त.

घरातल्यांना काय सांगायचं? आमच्या मामांनी "हे काय नवीन खूळ" म्हटलं तेव्हा मी सांगितलं की नवीन नाही, १९६९ मध्ये अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत मूगचा मॉड्युलर बसवला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने येऊन. मामा म्हणाले, "मग एवढ्या वर्षांत सूर लागला का?" उत्तर दिलं नाही, तेव्हा माझाच डळमळत होता.

पुढचं भराभर. मॉड्युलरचा आवाज दहा व्होल्ट पीक-टू-पीकपर्यंत जातो, लाइन इनपुटला ते फार होतं. आउटपुट मॉड्यूल लावा किंवा निदान आवाज शून्यावरून सुरू करा, हेडफोन कानात घालण्याआधी. जुन्या नाशकातल्या घरात अर्थिंग आहे का तपासा, तीन पिनेचं सॉकेट असलं म्हणजे मागे अर्थ असतोच असं नाही. घोंघावत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तोच असतो. पावसाळ्यात वर कापड टाका. जमलेला पॅच, म्हणजे वायरींची जोडणी, फोनने फोटो काढून ठेवा, उद्या आठवणार नाही. रेकॉर्ड चालू ठेवूनच वाजवा. ढोल पथकातल्या मित्राला त्याच्या ताशाला सिंक करून देतो असं कबूल करू नका, मी करून बसलोय.

त्या पोराला आत्ता उत्तर दिलं. त्याने ती ओळ मॉड्युलरग्रिड या वेबसाइटवर लावली होती. तिथे त्याच पानावर तिन्ही बाजूंची बेरीज आपोआप येते; याने फोटो काढताना नेमकी तीच कापली. लिहिलं, "फोटो छान आहे. खालचा आकडा पाठव. अधिक बाराचा नको, दुसरा."

दोन निळ्या टिका आल्यात. अजून काही पाठवलेलं नाही.